तोडकर सरांची पंगत

तोडकर सरांना लग्नाची पत्रिका द्यायला लोक कचरायचे. पत्रिका हातात पडली की ते चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे आणि देणाऱ्याच्या समोरच लाल पेनानं खुणा करायचे. आमच्या इमारतीतल्या शिपायानं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणली तेव्हा सर म्हणाले, "अभिनंदन. पण मुहूर्त साडेबाराचा आणि जेवण बाराला लिहिलंय. म्हणजे अक्षता पडायच्या आधी पावणं हात धुवून मोकळं. आणि वर ठिकाण उचगाव, खाली मांडव मंगळवार पेठेत. लोकांनी जायचं कुठं?"

"सर, सातशे छापून आल्यात की."

"मग सातशे दुरुस्त करा."

त्यानं केल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी सर पत्रिकेप्रमाणे आधी उचगावला गेले. तिथं कुणी नव्हतं. मग उन्हातून मंगळवार पेठेत आले, शेवटच्या पंगतीला बसले आणि वाढायला आलेल्या नवरीच्या बापाला म्हणाले, "बघितलंसा?"

हे आमचे साहेब. विद्यापीठात निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास करणारे प्राध्यापक असतात. ते जे लिहितात त्याची पुस्तकं काढायला एक वेगळं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार माणसं. सर मुख्य. कांबळेभाऊ कारकून. शबाना कॉम्प्युटरवर मजकूर लावायची. आणि मी बांधणीला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. तो छापखान्यातून आला की त्याची घडी घालायची, घड्या ओळीनं रचायच्या, दोऱ्यानं शिवायच्या, पाठीला खळ लावून वर कव्हर चिकटवायचं. मी चौथी शिकले. या कामाला तेवढं पुरतं. पानांचे आकडे वाचता आले म्हणजे झालं.

सर मूळचे मुरगूडचे, शेतकऱ्याच्या घरातले. उंच, काटकुळे, मान पुढे काढून चालणारे. दुरून वाटायचं, रस्त्यावर काहीतरी पडलंय ते शोधत येतायत. माझी बहीण विचारायची, "तुझा सायेब लई देवधर्माचा असंल न्हवं?" मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. ते कुणाला हात जोडतात ते मला कळलं नाही. त्यांच्या टेबलामागे पाच धर्मांची पाच कॅलेंडरं होती. आलेला माणूस ती बघून भारावून जायचा. ती कॅलेंडरं कोणता प्राध्यापक कोणत्या सणाला रजेवर जाईल आणि पानं अडकून पडतील, हे आधी कळावं म्हणून होती.

ऑफिसात त्यांचा एक नियम होता. ज्या धर्माचं पुस्तक, त्या धर्माच्या माणसानं ते छापण्याआधी तपासायचं नाही. मठावरचं शबाना वाचणार. दर्ग्यावरचं कांबळेभाऊ. बौद्ध विहारावरचं स्वतः सर. एकदा कांबळेभाऊ चिडले.

"सर, माझ्या समाजाचं पुस्तक मला वाचू देत न्हाईसा, हे काय वागणं? मला त्यातलं जास्त कळतंय."

"म्हणूनच," सर म्हणाले. "आपल्या घरचं असलं की माणूस डोळ्यानं वाचत नाही. पाठ म्हणतो. मध्ये शब्द गळला असला तरी त्याला तो दिसतो."

कांबळेभाऊंनी ऐकलं नाही. घरी नेऊन गुपचूप वाचलं, एकही चूक नाही म्हणून सांगितलं. शबानानं तेच वाचलं, तर आख्खी एक ओळ गायब. त्यानंतर भाऊ या विषयावर बोलले नाहीत.

प्रत्येक पानावर दोन सह्या लागायच्या. पहिला वाचणारा आणि दुसरा वाचणारा. दुसऱ्याला पहिल्याची दुरुस्ती पटली नाही तर तो ती खोडू शकत होता, मग पहिला सर का असेनात. दोन सह्या झाल्याशिवाय पान पुढे जात नसे. म्हणून आमच्याकडं पुस्तक निघायला दीड वर्ष लागायचं.

जे कुणालाच कळत नसे ते सर मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी घड्या घालत असायची. "मावशी, कळलं?" "न्हाय." मग ते समासात लिहायचे, 'मावशींना कळले नाही.' तसेच कागद लेखकाकडे जायचे.

एकदा तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक ते कागद घेऊन तरातरा आले. "या मावशी कोण? कुठल्या विद्यापीठाच्या?"

कांबळेभाऊंनी माझ्याकडं बोट केलं. मी जमिनीवर पाय पसरून बसले होते.

"तुम्हाला यातलं काय कळलं नाही?"

"सगळंच."

"शिक्षण किती?"

"चौथी."

ते सरांकडं वळले. "तोडकर, हे पुस्तक चौथी शिकलेल्यांसाठी नाही!"

"बरोबर आहे," सर शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही लिहिलंय, 'आपण सर्व जाणतोच की.' मावशी जाणत नाहीत. मग 'सर्व' चुकीचं झालं. 'काही जण' करू का?"

प्राध्यापकांनी आपला मजकूर उचलला आणि निघून गेले. सर म्हणाले, "चालेल." कौतुकालाही त्यांच्याकडं हाच शब्द होता. शबानाला पहिल्या वर्षात तीन वेळा 'चालेल' मिळालं. तिनं ते घरी सांगितलं म्हणे.

शबाना उचगावची. टायपिंग येतं म्हणून कंत्राटावर आली होती, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. सरांनी तिला नऊ वर्षांत मजकूर तपासायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तिनं तपासलेलं पान परत तिच्या टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "अजून दोन आहेत." कुठं आहेत ते सांगायचं नाही. ती चरफडायची. "सर, तुमच्या घरातली माणसं ऱ्हात्यात कशी वो तुमच्यासंगं?" मग बसून त्या दोन चुका हुडकायची. शेवटी शेवटी ती तिसरीसुद्धा काढायला लागली.

सरांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं तेव्हा वरून पत्र आलं. वर्षात निदान चार पुस्तकं निघाली पाहिजेत. नाहीतर हे ऑफिस बंद करून छापखान्यात मिसळण्यात येईल. चार निघाली तर ऑफिस राहील आणि सरांच्या जागी शबानाला कायम करण्यात येईल. हे शेवटचं सरांनीच वरच्यांकडून लिहून घेतलं होतं. त्यासाठी तीन वेळा पायऱ्या चढले होते. एरवी ते कुणाच्या दारात जात नसत.

पत्र वाचून कांबळेभाऊ म्हणाले, "चार कुठली? आपलं तर एक निघता निघंना."

चार मजकूर हातात होते. एक ते तत्त्वज्ञानवाले घेऊन गेलेच होते. दुसऱ्याचे लेखक परदेशी गेले आणि उत्तर देईनात. तिसऱ्यावर सरांनी एवढ्या खुणा केल्या की लेखक म्हणाले, मी नव्यानंच लिहितो. कांबळेभाऊंनी सुचवलं, "सर, जुन्या तीन पुस्तकांस्नी नवी कव्हरं घालूया की. कोण उघडून बघतंय?"

"त्याला पुस्तक म्हणत नाहीत भाऊ. परीटघडी म्हणतात."

"मग शबानाचं काय?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

राहिलं चौथं. त्याचं नाव 'पंगत'. जिल्ह्यात धर्माच्या नावानं लोकांना जेवू कसं घालतात त्यावर पाच प्राध्यापकांनी पाच प्रकरणं लिहिली होती. गावजत्रेचा महाप्रसाद, मठातला दासोह, दर्ग्याच्या उरुसातलं जेवण, जैन बस्तीतलं, म्हणजे त्यांच्या देवळातलं, आहारदान आणि विहारातलं भोजनदान. मजकूर चांगला होता. मला वाचून दाखवला तेव्हा सगळा कळला, भूकसुद्धा लागली.

अडलं ते पहिलं प्रकरण कुणाचं यावर. पाचही जण आमच्या खोलीत बसले. एक म्हणाले, सर्वांत प्राचीन परंपरा आधी. दुसरे म्हणाले, छे, ज्यांची जिल्ह्यात संख्या जास्त ते आधी. तिसरे म्हणाले, ज्यांनी मजकूर आधी दिला त्यांचा मान. चौथे म्हणाले, वाद नको, सरळ आडनावांचा वर्णक्रम लावा. तेव्हा मठावर लिहिणारे डॉक्टर हुक्केरी उठून उभे राहिले. "वर्णक्रम अन्यायकारक आहे. नोकरीची ज्येष्ठता धरा." जो तो असा नियम सांगत होता की त्यात तोच पहिला येईल. दोन तास गेले. मी पाच वेळा चहा दिला. चहा कुणाला आधी, यावर मात्र भांडण झालं नाही.

ते गेल्यावर शबाना म्हणाली, "सर, हेनी काय ऐकणार न्हाईत. ज्येला त्येला आपल्यापास्नं चालू हुणारं पुस्तक द्या आणि सोडा."

ती चेष्टेनं बोलली. सरांनी मान वर केली. मग माझ्याकडं बघितलं. "मावशी, प्रत्येक प्रकरण बरोबर दोन फर्म्यांत बसवलं तर तुम्ही ते कुठल्याही क्रमानं रचू शकाल?"

"शकंन की. घडीला काय कळतंय, आत कोण हाय ते."

पुढचे दोन महिने सर आणि शबाना प्रत्येक प्रकरण बत्तीस पानांत बसवत होते. ना एक ओळ जास्त, ना कमी. प्रत्येकाचे आकडे एकपासून सुरू. अनुक्रमणिका गोल छापली, ताटाभोवती माणसं बसावीत तशी. कव्हरवर पाच लेखकांची नावंही तशीच गोल. तीनशे प्रती निघाल्या. साठ प्रतींत महाप्रसाद पहिला, साठांत दासोह पहिला, असं पाच तऱ्हांनी मी ते शिवलं. प्रत्येक गठ्ठ्याला निराळ्या रंगाची चिठ्ठी लावली. सरांनी प्रास्ताविकात हे सगळं स्पष्ट लिहिलं होतं, की हे एकच पुस्तक पाच क्रमांनी बांधलं आहे. प्रास्ताविक कुणी वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण तुम्ही लपवलं, असं कुणाला म्हणता आलं नसतं.

प्रकाशनाचा समारंभ ठेवला. कांबळेभाऊंना शोभेची हौस. त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक प्रत काढली, पाचांना चकचकीत कागद गुंडाळला आणि वर फीत बांधली. चिठ्ठ्या कागदाच्या आत गेल्या. कुठलं कुणाचं ते आता बाहेरून ओळखणं शक्य नव्हतं. आम्हाला हे कळलं तेव्हा पाहुणे व्यासपीठावर बसले होते.

"भाऊ, हे काय करून ठेवलंसा?" शबाना म्हणाली.

"ब्येस दिसालंय की," भाऊ म्हणाले.

सर माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसले होते. घाम पुसत होते. व्यासपीठावर कागद फाटले. पाचही लेखकांनी कव्हर बघितलं आणि आपलं नाव वर येईपर्यंत पुस्तक हातात फिरवलं. पाच माणसं एकदम गाडीचं स्टेअरिंग फिरवत असल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी पुस्तक उघडलं.

पाचही चेहरे उतरले. हुक्केरी सरांच्या हातात उरूस पहिला आला होता. त्यांनी हळूच शेजारच्याच्या पुस्तकात डोकावलं. तिथं विहार. शेजारच्यानं पलीकडं बघितलं. एव्हाना प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले होते. ते एक निवृत्त प्राचार्य होते आणि त्यांचा आवाज मोठा होता. त्यांच्या पाठीमागं पुस्तकं सरकायला लागली. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. भाजीचं भांडं रांगेतून पुढं द्यावं तशी. एक पुस्तक दोनदा फिरून परत आलं. कुणी कुणाशी बोललं नाही. पाहुण्यांचं भाषण निम्म्यावर यायच्या आत प्रत्येकाला आपापलं मिळालं आणि पाचही चेहरे फुलले.

"पाचव्या पानावर लेखकानं फारच हृदयस्पर्शी लिहिलंय," पाहुणे म्हणाले.

पाचही जणांनी पाचवं पान उघडलं. पाचही जणांनी वाचून समाधानानं मान हलवली.

समारंभ संपल्यावर हुक्केरी सर तोडकर सरांजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेवटी तुम्ही योग्य तोच क्रम लावलात." उरलेले चौघंही एकेकटे येऊन हेच म्हणाले. सरांनी पाच वेळा 'चालेल' म्हटलं. शबाना खांबाआड जाऊन हसत होती.

पण हिशेबाला पुस्तक एकच होतं. वर्ष संपत आलं होतं. चाराचं काही होणार नव्हतं. शबानानं दुसरीकडं अर्ज टाकायला सुरुवात केली.

मग तो एप्रिल आला. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल छापण्याआधी नजरेखालून घालायला सरांकडंच यायचा, कारण त्यांच्याएवढं बारीक वाचणारा दुसरा कुणी नव्हता. शबाना तो गठ्ठा सोडत होती आणि एकदम किंचाळली. मी घडी टाकून उठले. अहवालात लिहिलं होतं, 'धर्मअभ्यास प्रकाशन विभाग. या वर्षी प्रकाशित पुस्तके, पाच.'

झालं होतं असं. ग्रंथालयात नियमाप्रमाणे 'पंगत'च्या पाच प्रती गेल्या होत्या. कांबळेभाऊंनी पाच गठ्ठ्यांतली एकेक दिली होती. तिथल्या माणसानं उघडून बघितलं, पाचांची सुरुवात निराळी. प्रास्ताविक त्यानंही वाचलं नाही. पाच निराळी पुस्तकं म्हणून नोंद केली. तोच आकडा अहवालात आला. चार हवी होती, पाच झाली.

कांबळेभाऊंनी खाली जाऊन भजी आणली. "आमी काय सांगितलं न्हाय. कुणाला फसवलं न्हाय. त्येंचं त्येंनीच लिवलंय. देवानं दिलंय म्हणायचं, कुठल्या बी देवानं."

"आणि सर?" मी म्हटलं. सर जेवायला गेले होते.

मग भाऊंनी ते पान गठ्ठ्यातून काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि वर बसले.

सर आले. वाचायला बसले. तासाभरानं म्हणाले, "चाळीसनंतर बेचाळीस कसं?"

मी खाली मान घालून घडी घालायला लागले.

"भाऊ, उठा."

"सर, आज पाठ धरलीय माझी."

"उठा."

भाऊ उठले. सरांनी पान घेतलं, भज्याच्या तेलाचा डाग फुंकून बघितला आणि वाचायला लागले. त्या ओळीवर आले. थांबले. मला वाटलं, आता माणसासारखं वागतील. त्यांनी 'पाच' खोडून 'एक' लिहिलं आणि सही केली.

"तुमी माणूस हाईसा का कोण?" भाऊ ओरडले. "एक दिवस डोळं मिटायचं की! ती पोरगी नऊ वर्सं राबलीया!"

सरांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. पान उचलून शबानाच्या टेबलावर ठेवलं. "तुमचं वाचन," म्हणाले. मग खिडकीकडं जाऊन पाठ करून उभे राहिले.

आता सगळं तिच्या हातात होतं. 'एक' खोडून 'पाच' केलं असतं तर नियमानं ते चाललं असतं. सर नंतर बघणार नव्हते, म्हणून तर पाठ करून उभे होते. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, खोड. भाऊंनी पेन पुढं केला. तिनं ते पान वरपासून वाचलं. वेळ लागला. सवयीनं आणखी एक चूक काढली, तिसऱ्या ओळीत. मग त्या आकड्यावर आली.

"लई वंगाळ माणूस हाईसा सर तुमी," ती म्हणाली.

आणि 'एक'च्या शेजारी सही केली.

सर वळले नाहीत. "तिसऱ्या ओळीतली दिसली का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, दिसली."

"चालेल."

मी दोघांशीही चार दिवस बोलले नाही. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी दोघांची डोकी ठिकाणावर नव्हती. ऑफिस बंद झालं. शबाना परीक्षा विभागात गेली, पुन्हा कंत्राटावर. कांबळेभाऊ कायम होते, त्यांना भांडारात घातलं. माझं वय झालंच होतं, मला घरी बसा म्हणाले. मी सरांना तोंडावर विचारलं, "सर, एक आकडा चुकीचा ऱ्हायला असता तर काय बिघाडणार हुतं?"

ते म्हणाले, "मावशी, यंदा एकाची पाच झाली. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्याकडं सहा मागितली असती. ती बिचारी कुठनं आणणार?"

मला ते पटलं नाही.

शेवटच्या दिवशी मी फाटकाबाहेर बसची वाट बघत होते. सर हातात एक खोकं घेऊन बाहेर निघाले. फाटकावरच्या रखवालदारानं वही पुढं केली. विद्यापीठातून सामान बाहेर नेताना लिहून द्यावं लागतं.

"सर, वस्तू किती लिवू?"

"मोजल्या नाहीत."

"ऱ्हाऊ द्या. 'किरकोळ सामान' लिवतो. जावा तुमी."

"किरकोळ म्हणजे किती?"

"सर, कोण इचारतंय हो? धा लिवतो."

"दहा नसतील तर?"

सरांनी खोकं खाली ठेवलं आणि रस्त्याच्या कडेलाच उकिडवे बसले. आतली एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर मांडायला लागले. शबाना त्यांना घरी सोडायला स्कूटी घेऊन आली होती. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. मग गाडी स्टँडला लावली, रखवालदाराच्या हातातली वही ओढून घेतली आणि म्हणाली, "सांगा सर, मी लिवतो."

तेवढ्यात माझी बस आली. मी आत चढून खिडकीतून बघितलं. रखवालदारही खाली बसला होता. सरांनी एक पेन्सिल उचलून त्याच्यासमोर धरली होती. तिचे दोन तुकडे झालेले होते, आणि ती एक धरायची की दोन, यावर तिघांचं चाललं होतं. बस सुटली.